छोट्या धार्मिक शाळेचा तंत्रज्ञान आराखडा: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न विचारणार: मुख्याध्यापिका

नमस्कार मंडळी.

एका धार्मिक संस्थेच्या छोट्या शाळेची मी मुख्याध्यापिका. पहिली ते आठवी, इयत्तेला एकच तुकडी, पटावर १२० च्या आसपास मुलं. शिक्षक ११. त्यांतले तिघे धर्मशिक्षण आणि पठण घेतात, बाकीचे आम्ही इतर विषय. दिवसाचे पहिले दोन तास धर्मशिक्षणाचे. त्यांना कुणी हात लावायचा नाही, हे शाळा सुरू झाली तेव्हापासून ठरलेलं आहे आणि मलाही ते तसंच हवं आहे.

विश्वस्त मंडळाने माझ्याकडे तीन वर्षांचा तंत्रज्ञान आराखडा मागितला आहे. घाईचं कारण म्हणजे एक देणगीदार शाळेला मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनेल (फळ्यासारखा, स्पर्शाने चालणारा पडदा) द्यायला तयार आहेत. कोणत्या खोलीत लावायचं तेवढं कळवा, असा त्यांचा निरोप आहे. त्यांचं मन मोठं आहे, त्यांच्याविषयी मला आदरच वाटतो. पण ते लागल्यावर त्यावर कोण शिकवणार आणि काय शिकवणार, इथे माझं घोडं अडलंय.

आज काय आहे ते सांगते. एका खोलीत देणगीतून आलेले १४ संगणक, त्यांतले ९ सुरू होतात. सभागृहात एक प्रोजेक्टर. कार्यालयात एक राउटर, त्याची रेंज जिन्यापर्यंत. गणिताचे सरच संगणकही बघतात; म्हणजे प्रिंटर अडला की शिपाई त्यांच्या वर्गावर जातो आणि सर फळ्यावरचं उदाहरण अर्धं सोडून खाली येतात. गेल्या वर्षी एका कंपनीच्या माणसाने आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवून दिवसभर प्रशिक्षण दिलं. प्रमाणपत्रं मिळाली. त्यानंतर त्यातलं काही वर्गात वापरताना मला एकच बाई दिसल्या, आणि त्या ते आधीपासूनच वापरत होत्या.

आणखी एक गोष्ट मनाला लागून आहे. तरुण शिक्षक म्हणतात, पठणाच्या ज्येष्ठ गुरुजींना यातून वगळा, त्यांना या वयात त्रास नको. हेतू चांगला आहे, पण मला वगळणं पटत नाही. लादायचंही नाही. पालकांमध्ये तर सरळ दोन तट आहेत. काहींना मुलांना कोडिंग यायला हवंय, काहींना शाळेत इंटरनेटच नकोय.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगावं. आराखड्याचं पहिलं पान कशाचं असावं?

उत्तर १: देखभालवाला

ताई, माझा संबंध यंत्रांशी, म्हणून तेवढंच बोलतो.

आधी मोजणी. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'संगणक, नग १४' एवढीच नोंद असते, तिचा आराखड्याला उपयोग नाही. प्रत्येक यंत्रापुढे लिहा: प्रोसेसर कोणत्या पिढीचा, रॅम किती, आत हार्ड डिस्क आहे की एसएसडी (तिच्याहून वेगवान साठवण), विंडोज कोणती. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. देणगीत आलेले संगणक बहुतेक त्याच्या अलीकडे अडकतात. पण तेवढ्यासाठी ते भंगारात काढायची घाई करू नका. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा, रॅम ८ जीबीपर्यंत न्या आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका. टायपिंग, लिबरऑफिस, ब्राउझर एवढ्या कामाला तेच यंत्र पुन्हा चपळ होतं. जे पाच बंद आहेत त्यांच्यातली रॅम, पॉवर सप्लाय, कीबोर्ड काढून ठेवा, उरलेल्या नवांना ते जगवतील.

वायफाय. कार्यालयातला घरगुती राउटर वर्गभर उपकरणांचा भार पेलत नाही. जास्त ताकदीचा राउटर घेऊन तो तिथेच ठेवण्यापेक्षा वरच्या मजल्यापर्यंत केबल ओढा आणि तिथे ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायने पसरवणारं उपकरण) लावा. दोन-तीन लावणार असाल तर २.४ गिगाहर्ट्झवर त्यांना १, ६ आणि ११ ही वेगवेगळी चॅनेल द्या. एकमेकांवर न चढणारी तेवढीच आहेत.

इंटरनेट नको म्हणणाऱ्या पालकांसाठी एक मार्ग आहे. 'कोलिब्री' नावाची मोफत प्रणाली एका संगणकावर बसवता येते. धडे, व्हिडिओ, सराव त्यात आधीच उतरवून ठेवायचे. मग वर्गातली बाकीची यंत्रं शाळेच्या आतल्या नेटवर्कवरून ते बघतात, बाहेरच्या इंटरनेटची गरज पडत नाही. विकिपीडिया असाच 'कीविक्स'वर उतरवून ठेवता येतो, मराठी विकिपीडियासुद्धा.

गणिताच्या सरांना मात्र आधी सोडवा. कार्यालयात एक तक्रारवही ठेवा. काय बिघडलं, कोणत्या खोलीत, पडद्यावर कोणता संदेश आला, हे ज्याचं अडलंय त्याने लिहायचं. सर दिवसातून एका ठरलेल्या वेळेला वही बघतील आणि चालू तासातून त्यांना कुणी उठवायचं नाही. निम्म्या तक्रारी प्लग, केबल आणि पासवर्डच्या असतात, त्या शिपाईमामांना आणि आठवीच्या मुलांना शिकवता येतात.

उत्तर २: गणिताच्या बाई

ताई, वर दादांनी यंत्रांचं नेमकं सांगितलंय, ते जसंच्या तसं घ्या. मी शिक्षकांचं बोलते. मीही धार्मिक संस्थेच्या लहान शाळेत शिकवते आणि सहकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. विषय जिव्हाळ्याचा असल्यामुळे लांबण लागेल.

तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर: पहिलं पान वेळापत्रकाचं असावं. खरेदीची यादी शेवटी, आणि पहिल्या वर्षी ती जवळजवळ कोरी राहिली तरी चालेल. आठवड्यात शिक्षकाला दुसऱ्याच्या वर्गात बसायला, स्वतःचा पाठ नव्याने बसवायला आणि त्यावर बोलायला वेळ कुठे आहे, हे ज्या आराखड्यात दिसत नाही तो आराखडा म्हणजे सामानाची यादी. विश्वस्तांना हे पटवायला पुरावा लागेल, तो देते.

पेरू देशात 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या कार्यक्रमाची मोठी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळा. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत दर मुलामागे १.१८ संगणक, इतर शाळांत ०.१२. म्हणजे यंत्रांची अजिबात कमतरता नव्हती. सुमारे पंधरा महिन्यांनी मुलांना तपासलं तेव्हा गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही. मुलं लॅपटॉप सराईतपणे हाताळायला शिकली होती, पण वर्गातलं शिकवणं होतं तसंच राहिलं होतं.

आता प्रशिक्षणाकडे या. सभागृहातलं ते दिवसभराचं प्रशिक्षण का विरलं, याचं उत्तर ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षण-संशोधकांनी १९८० मध्येच मांडून ठेवलंय. त्यांनी शिक्षक-प्रशिक्षणाची पाच अंगं सांगितली: तत्त्व समजावणं, करून दाखवणं, सराव, त्या सरावावर कुणीतरी बोलणं, आणि प्रत्यक्ष वर्गात सोबत. पहिल्या दोन अंगांवर दिवस संपतो आणि शेवटच्या अंगाला कुणी हात लावत नाही. सोबत नसेल तर शिकलेलं वर्गापर्यंत फारसं पोचतच नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे २०१८ मध्ये मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन यांनी अशा सोबतीच्या पद्धतीवरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्याच्या पद्धतीवर परिणाम ०.४९ प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), मुलांच्या गुणांवर ०.१८. शिक्षणातल्या उपायांमध्ये हे आकडे चांगले मानले जातात. आणि तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे: शेकडो शिक्षकांवर हाच प्रयोग केला की परिणाम घटत जातो. ११ शिक्षक म्हणजे या कामाला अगदी योग्य संख्या. मोठ्या शाळा ज्यासाठी धडपडतात ते तुमच्याकडे आयतं आहे.

आमच्याकडे हे कसं चालतं ते सांगते.

शिक्षकांच्या जोड्या लावल्या. जोडी लावताना विषय एक असण्याची अट नाही. दोघांचं जमतं का, आणि एकाला दुसऱ्याकडून काही घ्यायचंय का, एवढंच बघायचं. प्रत्येकाने आपल्या विषयातला एकच पाठ निवडायचा, जिथे मुलं दरवर्षी अडखळतात असा. साधन नंतर शोधायचं. 'मला पॅनेल वापरायचंय, कुठे वापरू?' असा प्रश्न घेऊन कुणी आलं तर मी त्यांना परत पाठवते, प्रेमाने पाठवते, पण पाठवते. मग पाठ दोघांनी मिळून बसवायचा, एकाने शिकवायचा, दुसऱ्याने वर्गात मागच्या बाकावर बसून मुलांकडे बघायचं. शिक्षकाकडे नाही, मुलांकडे. कोण कुठे थांबलं, कुणी शेजाऱ्याचं बघून लिहिलं, कोणत्या क्षणी वर्ग सुटला. तास झाला की त्याच दिवशी दहा-पंधरा मिनिटं बोलणं.

यातली खरी अडचण एकच: दुसऱ्याच्या वर्गात बसायचं तर स्वतःच्या वर्गावर कोण? तो बदली तास तुम्ही घ्या, ताई. मुख्याध्यापिका स्वतः खडू हातात घेऊन पाचवीवर उभ्या राहिल्या की शाळेला कळतं की हे काम गंभीर आहे. परिपत्रकाने ते कळत नाही. वेळापत्रकात त्या तासाला नाव द्या आणि तो तास परीक्षेच्या कामाला, स्नेहसंमेलनाच्या तालमीला, कशालाही देऊ नका.

एक उदाहरण जवळून सांगते. आमच्या मराठीच्या बाईंची तक्रार अशी, की निबंध तपासून वह्या परत दिल्या की मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. लाल शाई कुणी वाचत नाही. त्यांच्या जोडीला विज्ञानाचे सर होते. दोघांनी बाईंचाच फोन एका स्टँडवर आडवा बांधला, कॅमेरा खाली टेबलाकडे, आणि केबलने प्रोजेक्टरला जोडला. खाली एका मुलाची वही, नावावर कागदाची पट्टी. भिंतीवर ते अक्षर एवढं मोठं झालं की वर्ग आपोआप गप्प झाला. बाईंनी विचारलं, 'हे वाक्य कुठे तुटलं?' मुलं शोधू लागली. एकीने सांगितलं की कर्ता पहिल्या ओळीत आहे आणि क्रियापद चौथ्या ओळीत, मधे हरवायला होतं. बाईंनी तिथेच, सगळ्यांसमोर, पेनाने वाक्य दोन केलं. मागच्या बाकावरून सरांनी टिपलं की खिडकीकडच्या रांगेला उजेडामुळे काही दिसत नव्हतं आणि मधेच फोनवर घरचा संदेश झळकला. पुढच्या वेळी पडदे ओढले, फोन विमान मोडवर टाकला. आणि या सगळ्यात नवीन काय विकत आणलं? एक केबल आणि एक स्टँड. त्यानंतर त्या वर्गात कच्चं लिखाण खोडून पुन्हा लिहिण्याची मुलांची तयारी वाढली, हे मी स्वतः वह्या चाळून बघितलंय.

आता तुमच्या ज्येष्ठ गुरुजींविषयी, कारण हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये सांगितलं की विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि 'हा विषय कसा शिकवावा' हे तिसरंच ज्ञान आहे, जे चांगल्या शिक्षकाकडेच असतं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांच्या मांडणीत तंत्रज्ञान हे तीन अंगांपैकी एक आहे. उरलेली दोन अंगं, विषय आणि शिकवणं, तुमच्या गुरुजींकडे शाळेतल्या कुणाहीपेक्षा पक्की असणार. मुलाच्या तोंडून एक ओळ ऐकून तो घरी सराव करतो की नाही हे ज्यांना कळतं, त्यांना 'कच्चे' म्हणून बाजूला काढायचं? त्यांची जोडी सर्वांत तरुण शिक्षकाशी लावा. तरुणाने फाइल कशी जपायची ते सांगावं, गुरुजींनी मुलाकडे कसं बघायचं ते. दोघंही शिकतील, आणि तरुण जास्त शिकेल असं मला वाटतं. फक्त त्यांना 'तुम्हाला हे वापरावं लागेल' असं सांगू नका. 'तुमच्या शिकवण्यात तुम्हाला काय खुपतं?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं फार बारीक लिहू नका. पहिल्या वर्षाअखेर प्रत्येक जोडीने एक पान लिहून द्यावं: काय केलं, मुलांत काय दिसलं, पुढे काय लागेल. दुसऱ्या वर्षाची खरेदी त्या पानांतूनच निघावी. 'किती शिक्षक प्रशिक्षित झाले' हा रकाना आराखड्यात ठेवूच नका; तो प्रमाणपत्रांनी भरता येतो. 'किती जणांनी दुसऱ्याचा वर्ग बघितला, किती पाठ पुन्हा बसवले' हे लिहा.

मुलांच्या माहितीचं एक छोटं पान मात्र आत्ताच करा. ज्या ॲपला मुलाचं पूर्ण नाव, फोटो किंवा जन्मतारीख लागते ते पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाही. शाळेच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बंद पाकिटात तुमच्या कपाटात. एकाच माणसाच्या डोक्यात शाळा ठेवू नये.

उत्तर ३: पठणाचे गुरुजी

मुख्याध्यापिका बाईंना नमस्कार. मी पठण शिकवणारा माणूस, वयाने ज्येष्ठ. ज्यांना वगळावं असं तुमचे तरुण सहकारी म्हणतात, त्यांच्यातलाच एक. म्हणून लिहावंसं वाटलं.

मला आमच्या शाळेतल्या एका तरुण बाईंनी नेमका वरच्या बाईंनी सांगितलेला प्रश्न विचारला होता: गुरुजी, तुम्हाला काय खुपतं? मी सांगितलं, पंचवीस मुलं एका सुरात म्हणतात तेव्हा एकाचा चुकलेला दीर्घ स्वर समूहात लपून जातो. माझा कान तो पकडतो, पण त्या मुलाच्या स्वतःच्या कानाला तो कधी ऐकूच येत नाही. मी सांगतो, तो 'हो' म्हणतो, आणि पुन्हा तसंच म्हणतो.

बाईंनी एका संगणकावर 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर बसवून दिलं. आता आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलगा चार ओळी एकट्याने म्हणतो, ध्वनी पडद्यावर लाटेसारखा उमटतो. जिथे श्वास तुटला तिथे रेघ सपाट होते. मुलाला मी काही सांगत नाही. त्याला पडद्यासमोर बसवतो आणि त्याचाच आवाज ऐकवतो. वेग थोडा कमी करून ऐकवता येतो, आणि पट्टी तीच राहते. मग त्याच्याच तोंडून येतं, 'गुरुजी, इथे मी आखूड म्हटलं.' एक मुलगा बोलताना अडखळतो. तो समूहात ओठ हलवायचा, आवाज काढायचा नाही. खोलीत एकट्याने, यंत्रासमोर, त्याने पूर्ण पाठ म्हटला. मी दाराबाहेर उभा राहून ऐकला. त्या दिवसापासून मी या कामाच्या बाजूचा आहे.

काही गोष्टींना मी नाही म्हटलं, त्याही सांगतो, म्हणजे तुमच्या गुरुजींना धीर येईल. उच्चाराला गुण देणारं ॲप दाखवलं होतं, ते नको म्हटलं. चूक कुठली क्षम्य आणि कुठली नाही, हे मूल बघून ठरतं. प्रार्थनेच्या जागी पडदा नको. पहिल्या दोन तासांत माझ्या हातात किंवा मुलांच्या हातात फोन नको. ध्वनिमुद्रण दुपारी, संगणकाच्या खोलीत. मुलांचा आवाज कुठल्याही ग्रुपवर जाणार नाही, वर्षअखेर पालकांना देऊन आमच्याकडचा पुसायचा. हे सगळं शाळेने लेखी मान्य केलं. माझं मन तिथे निवलं.

आणखी एक सावधगिरी. धर्मग्रंथांच्या पीडीएफ इंटरनेटवर भरपूर मिळतात, त्यांत अक्षरं गळालेली असतात, ओळी मागेपुढे झालेल्या असतात. मुलगा तेच पाठ करतो आणि पाठ झालेलं पुसणं फार अवघड. शाळेने एक प्रत प्रमाण ठरवावी आणि तीच वापरावी. आमच्याकडचं जुनं साहित्य श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत टाइप केलेलं होतं. दुसऱ्या संगणकावर उघडलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं. ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या उमटणाऱ्या अक्षरांत, बदलून घेतलं, पण बदलताना जोडाक्षरं आणि रफार जागा सोडतात. म्हणून एकाने मूळ प्रतीतून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून जुळवायचं, अशी आम्ही एकेक पान तपासणी केली. हे काम तुमच्या गुरुजींना द्या. त्यांच्याखेरीज शाळेत ते कुणाला जमणार नाही.

मुख्याध्यापिका

तिघांचेही मनापासून आभार. गुरुजी, तुमचं उत्तर मी आमच्या गुरुजींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, प्रमाण प्रतीचं काम मी बघतो, पण चष्म्याला दिसेल एवढं अक्षर मोठं करून द्या.

गणिताच्या बाई, जोड्या लावायला बसले आहे. बदली तास मी घेईन. पाचवीवर उभं राहायला मलाही आवडेल.

दोनच प्रश्न उरलेत. देणगीदारांना काय सांगू? नाही म्हटलं तर दुखावतील, आणि पुढे खरंच गरज पडेल तेव्हा पुन्हा विचारायला तोंड राहणार नाही. दुसरं, ज्या मोजक्या यंत्रांवर इंटरनेट ठेवायचं त्यांच्यासाठी पालकांना काय खात्री देऊ?

गणिताच्या बाई

ताई, नाही म्हणू नका, क्रम बदलून मागा. त्यांना शाळेत बोलवा आणि एखाद्या जोडीचा पाठ चालू असताना वर्गात बसवा. देणाऱ्याला मुलांचे चेहरे बघायचे असतात, यंत्र हे त्यांच्यासाठी तिथवर पोचायचं साधनच असतं. मग मोकळेपणाने सांगा: या वर्षी वायफायची केबल, एसएसडी, दोन स्टँड, ध्वनिमुद्रणासाठी एक चांगला माइक एवढं द्या, पुढच्या वर्षी शिक्षकांनी लिहिलेल्या पानांतून पॅनेलची गरज निघाली तर ते तुमच्याच नावाने. आमच्या देणगीदारांना हे आवडलं, कारण त्यांना प्रथमच कुणीतरी हिशेबासोबत कारणही दिलं होतं. आणि तरीही त्यांना पॅनेलच द्यायचं असेल तर चाकांच्या स्टँडवरचं मागा. भिंतीला ठोकलेलं पॅनेल एका वर्गाचं होतं. चाकांवरचं असेल तर ज्या जोडीला त्या आठवड्यात हवं तिच्याकडे जातं. चाकांसाठी उंबरे मात्र आधी मोजून घ्या, आणि जिना असेल तर ते कोणत्या मजल्यावर राहील तेही ठरवा.

देखभालवाला

इंटरनेटच्या खात्रीबद्दल. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) जागी क्लाउडफ्लेअरचा कुटुंबांसाठीचा पत्ता टाका: १.१.१.३, आणि दुसऱ्या जागी १.०.०.३. अश्लील आणि धोकादायक साइट्सची नावंच त्यातून उघडत नाहीत. खर्च काही नाही. पण पालकांना 'आता सगळं सुरक्षित आहे' असं सांगू नका, कारण ते खरं नाही. ही गाळणी साइटच्या नावावर चालते. यूट्यूब उघडलं तर आतल्या प्रत्येक व्हिडिओवर तिचं लक्ष नसतं, आणि फोनच्या स्वतःच्या डेटावर तर तिचा काहीच ताबा नाही. म्हणून व्हिडिओ शिक्षकांनी आदल्या दिवशी पूर्ण बघून ठेवावा. मुलांची पाठ भिंतीला येईल अशा रांगेत संगणक लावू नका. पडदे वर्गाच्या आतल्या बाजूला येतील आणि दारातून सगळे दिसतील अशी मांडणी करा. पालकसभेत त्यांना संगणकाच्या खोलीतच बसवा आणि मुलं काय उघडू शकतात ते त्यांच्याच हाताने तपासू द्या.

राउटरचा पासवर्ड बदलायला विसरू नका. कारखान्यातून आलेला तसाच असेल तर आठवीतला एखादा मुलगा डीएनएस काढून टाकेल.